चार सम्राट, एक कान

ट्रोफिमुसला सम्राटांची नावं लक्षात राहत नसत, नाकं राहत. रोममध्ये कॅपिटोल टेकडीवरच्या टांकसाळीत एकतीस वर्षं सम्राटांचे चेहरे कोरणाऱ्या माणसाला एवढी सूट असावी, असं त्याचं म्हणणं होतं. बायको एल्पिस बाजारातून येऊन सांगायची, की सम्राटाने म्हणे यंदा धान्य वाढवून दिलं. त्यावर हा विचारायचा, "कोणत्या? बाकदार नाकाच्या, की बसक्या?" ती म्हणायची, "आत्ता जो जिवंत आहे त्या." एरवी तेवढ्याने भागायचं. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मात्र भागेना. त्या एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले, आणि बाजारातून घरी पोचेपर्यंत एल्पिसची बातमी शिळी झालेली असायची.

ट्रोफिमुस मूळचा राजवाड्याचा गुलाम. पस्तिशीत त्याला मोकळं केलं तेव्हा तो टांकसाळीतून बाहेर पडला, देवळाला एक प्रदक्षिणा घातली आणि परत येऊन त्याच जागी बसला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं. बुटका, खांदे पुढे आलेले, उजव्या अंगठ्याला ऑलिव्हच्या बीएवढा घट्टा. सुईसारख्या छिन्न्या घेऊन अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत माणूस बसवायचा, हे त्याचं काम. चांदीच्या देनारवर उमटणारा सम्राट आधी त्याच्या लोखंडी ठशात जन्म घ्यायचा. मग तो ठसा चांदीच्या चकतीवर ठेवून स्टाबिलिओ नावाचा धिप्पाड माणूस त्यावर घण हाणायचा. स्टाबिलिओ घणाच्या आवाजाने एका कानाने पुरता आणि दुसऱ्याने अर्धा बहिरा झाला होता. त्यामुळे त्याच्या मते हळू सांगितलेली गोष्ट सगळ्या टेकडीला ऐकू जायची.

ठसा कोरायचा तो उलटा. ठशात चेहरा डावीकडे बघत असेल तर नाण्यावर तो उजवीकडे बघतो. अक्षरंही शेवटाकडून आरंभाकडे कोरायची, म्हणजे चांदीवर सरळ उमटतात. एकतीस वर्षं हेच करून ट्रोफिमुसची बुद्धी बाकीच्या बाबतींतही थोडी उलट्या अंगाने चालू लागली होती. टांकसाळीला लागूनच जुनो देवीचं देऊळ होतं, आणि देवीचे हंस दोन्हींच्या मधल्या अंगणात मोकळे फिरत. पवित्र, सरकारी खर्चाने पोसलेले, आणि म्हणूनच कमालीचे उद्धट. त्यांना दाणा घालायचं काम एल्पिसकडे लहानपणापासून होतं. लोकांना चावे बसतात म्हणून एकदा तिने नवऱ्याकडून पाटी लिहून घेतली, 'सावध राहा, हंस चावतात'. ट्रोफिमुसने फार सुंदर अक्षर काढलं, फक्त सवयीने उलटं. लोक पाटीपुढे मान वाकडी करून उभे राहत, आणि वाचून होईपर्यंत हंस पोचलेले असत.

टांकसाळीत कोरणाऱ्यांचे दोन वर्ग होते, तोंडवाले आणि पाठवाले. नाण्याच्या तोंडावर सम्राट असतो आणि पाठीवर एखादी देवी, गरुड, तिवई, हातात हात, असलं काहीतरी. पाठवाले दहाबारा जण आतल्या खोलीत दिव्यांच्या धुरात बसून देव्या काढत. तोंडवाला एकच, आणि त्याला पूर्वेची खिडकी. नऊ वर्षं पाठी कोरल्यावर ट्रोफिमुसला ती खिडकी मिळाली होती. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचं सगळं त्या खिडकीवरच चाललं होतं, कारण गेली चार वर्षं त्याला जवळचं दिसेनासं झालं होतं. भर उन्हात, पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून बघितलं तर ओठांची रेघ सापडायची. आत धुरात बसवलं असतं तर त्याने सम्राटाला ओठांच्या जागी मिशी दिली असती. ही गोष्ट गुप्त होती. म्हणजे टांकसाळीत ती कारभाऱ्याखेरीज सगळ्यांना माहीत होती.

आता कानाची हकिगत.

नवा सम्राट आला की त्याचं प्लास्टरचं शीर टांकसाळीत यायचं, गवतात गुंडाळून, खेचरावरून. राजवाडा समोरच्याच टेकडीवर. पण एक टेकडी उतरून दुसरी चढायची, आणि खेचराला सम्राट काय आणि कोबी काय. नाक गवतात नीट बसतं, हनुवटी बसते. कान बसत नाही, तो बाहेर येतो. त्यामुळे ट्रोफिमुसच्या सबंध कारकिर्दीत अखंड कानांचा एकही सम्राट वरपर्यंत पोचला नव्हता. पहिल्यांदा हे झालं तेव्हा तो खिडकीशी नवा होता आणि 'कान तुटलाय' असं वरच्याला सांगायची त्याची छाती नव्हती. दुपारी ठसा हातात घेऊन तसाच घरी गेला. एल्पिस दारात लोकर विंचरत बसली होती, डावी बाजू त्याच्याकडे करून. ठशात सम्राटाचा डावा कान हवा होता. समोर डावा कान होता. त्याने कोरून टाकला.

एल्पिसच्या त्या कानाच्या पाळीला एक खाच होती. सातव्या वर्षी एका हंसाने दाण्याबरोबर तोही चाखून बघितला होता. ट्रोफिमुस प्रामाणिक कारागीर. दिसलं ते कोरलं, खाचेसकट. वरून शाबासकी आली, की कान फार जिवंत झालाय. मग पुढच्या ठशाला तोच, आणि त्याच्या पुढच्यालाही. सम्राट बदलला तेव्हा नाक बदललं, कपाळ बदललं, कान राहिला. टांकसाळीतल्या माणसांना हे ठाऊक होतं आणि ती त्यांची नेहमीची गंमत होती. दुपारच्या सुटीत भाकर आणि कांदा घेऊन अंगणात बसलेले घणवाले एल्पिस दिसली की विचारायचे, "वहिनी, सम्राटांना एक अर्ज होता. आत्ता ऐकू येतंय का त्यांना?"

"ऐकू येतंय," एल्पिस म्हणायची, "पण अर्जाला कांद्याचा वास येतोय."

तर, ते वर्ष. वर्षाच्या आरंभीचा सम्राट म्हातारा होता, बाकदार नाकाचा, आणि त्याच्या नाण्याच्या पाठीवर स्वातंत्र्यदेवी होती. तो जानेवारीतच मारला गेला. दुसरा टोप घालायचा. त्या टोपाच्या कुरळ्या बटा कोरताना ट्रोफिमुसने तीन छिन्न्या मोडल्या. त्याच्या पाठीला शांतीदेवी आणि वर अक्षरं, 'सगळ्या जगाची शांती'. त्या सुमारास उत्तरेकडून दोन सैन्यं रोमकडे निघाली होती. स्टाबिलिओ घण खाली ठेवून म्हणायचा, "जगाची शांती ठोकून ठोकून खांदा निखळला माझा. युद्धाचं नाणं काढतील तेव्हा जरा आराम मिळेल." टोपवाला तीन महिने टिकला. मग तिसरा आला. त्याला मान नव्हती, हनुवटीच छातीपर्यंत जायची. त्याच्या पाठीवर एकजुटीची देवी, आणि काही नाण्यांवर तिवईवर चढलेला डॉल्फिन. डॉल्फिन तिवईवर काय करतोय हे पाठवाल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, पण हुकूम होता.

"चकती मोठी करायला सांग," स्टाबिलिओ त्याचा ठसा बघून म्हणाला. "चेहरा मावला, गळा बाहेर राहतोय."

"गळ्यावर नाव घालतो," ट्रोफिमुस म्हणाला. "नावही लांबलचक आहे."

टांकसाळीचा कारभारी होता पुदेन्स. दोन वर्षांपूर्वी नदीकाठच्या धान्याच्या कोठारांवरून इथे आलेला. माणूस वाईट नव्हता, नीटनेटका होता. टोगाच्या चुण्या मोजून घालायचा. नियम लिहून भिंतीवर लावायचा. ठशांना तेल आणि काजळी लागलेली असते म्हणून त्याने दोन वर्षांत एकही ठसा हातात घेतला नव्हता. त्याचा सगळा संबंध धुऊन पुसून टेबलावर आलेल्या नाण्यांशी. पण भित्रा फार. सम्राट गेला की त्याची माणसं जातात, आणि तीन सम्राटांत आपण कसे राहिलो याचं त्याला स्वतःलाच कोडं पडलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला, की टोपवाल्याचं काहीही कुठे राहता कामा नये. पुदेन्सने तीन सम्राटांचे तीन देनार टेबलावर एका ओळीत मांडले, फरक नीट पडलाय ना हे बघायला. बराच वेळ बघितलं, आणि ट्रोफिमुसला बोलावणं धाडलं.

"हे काय आहे?"

"नाणी, कारभारी."

"ते मलाही दिसतं. नाकं बघ. हे वेगळं, हे वेगळं, हेही वेगळं. बरोबर?"

"बरोबर. नाकाला मी जपतो."

"हनुवट्या. ह्याची एक, ह्याची एक, ह्याच्या तीन."

"चार आहेत. एक नीट उमटली नाही."

"आता कान बघ."

ट्रोफिमुसने त्या दिशेला तोंड केलं. इतक्या जवळचं त्याला दिसत नव्हतं, आणि बघायची गरजही नव्हती.

"सारखे वाटतात," तो म्हणाला.

"वाटत नाहीत, आहेत. पाळीची खाचसुद्धा. ज्याचं नाव तोंडातून काढायला बंदी आहे, त्या टोपवाल्याचा कान तू आपल्या सम्राटांना लावलास. उद्या वर कुणी विचारलं तर मी काय सांगू? टांकसाळीचा जीव अजून मेलेल्यात अडकलाय म्हणून?"

"कान कुणी बघत नाही, कारभारी."

"मी बघितला ना." पुदेन्सने नाण्यांची ओळ पुन्हा सरळ केली. "तीन दिवस देतो. नवा सम्राट, नवा कान. जमत नसेल तर खिडकी सोड आणि आत पाठवाल्यांत बस. कापुआहून माझा भाचा यायचाच आहे. अंगठ्यांवर शिक्के कोरतो. नजर ससाण्यासारखी आहे त्याची."

ट्रोफिमुसने मान हलवली आणि बाहेर पडताना सवयीप्रमाणे दार चुकीच्या बाजूने ओढलं.

घरी एल्पिस मसूर शिजवत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मग कोर की दुसरा कान. रोममध्ये दहा लाख माणसं आहेत, म्हणजे वीस लाख कान."

"तेवढे नसतील. म्हातारे सैनिक धरलेस तर कमी भरतील."

"स्टाबिलिओचा घे. ऐकण्याच्या कामाचा नाहीच तो, तेवढा तरी उपयोग."

दुसऱ्या दिवशी स्टाबिलिओ खिडकीशी येऊन बसला, डावी बाजू उन्हात करून. त्याचा कान म्हणजे उकडलेल्या कोबीचं पान. ट्रोफिमुसने तो दोन बोटांनी चाचपून घेतला, काचेच्या गोळ्यातून बघितला, आणि दीड तास कोरत राहिला. मग मेणात ठसा दाबून स्टाबिलिओसमोर धरला.

"हा माझा?" स्टाबिलिओ म्हणाला. "इतका देखणा कान असता तर मी घण मारला असता का? वहिनींचाच आहे हा. खाचही आहे."

ट्रोफिमुसने मेणावरून बोट फिरवलं. खाच होती. आपण ती कधी पाडली हे त्याला आठवत नव्हतं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की नाक तो अजून डोळ्यांनी कोरत होता, कान मात्र केव्हापासून नुसता हात कोरत होता. हाताला एकच कान येत होता. त्या दिवशी आणखी दोन ठसे त्याने बिघडवले. एकदा तर डाव्या हाताने कोरून बघितला. तो कान गोगलगायीसारखा झाला. तो ठसा त्याने घरी नेऊन एल्पिसला दाखवला.

"हा चालेल," ती म्हणाली. "ह्या सम्राटाला शोभून दिसतोय."

"थट्टा नको."

एल्पिसने मग थट्टा केली नाही. भाकर मोडून त्याच्यापुढे ठेवली. "आत बसवलं तर काय होईल?"

"दिसणार नाही."

"ते मला माहीत आहे. मी विचारते, मग काय होईल?"

"दोन दिवसांत भाच्याच्या लक्षात येईल, तिसऱ्या दिवशी कारभाऱ्याच्या. मग आतूनही बाहेर." ट्रोफिमुस भाकरीचा तुकडा मसुरात बुडवून तसाच धरून बसला. "तुझ्याबरोबर हंसांना दाणा घालीन."

"हंस तुला जवळ करायचे नाहीत. त्यांची बदनामी करणारी पाटी तूच लिहिलीस."

"उलटी लिहिली होती."

"म्हणून तर अजून जिवंत आहेस. जेव आता."

तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या ठशाचं पहिलं नाणं पुदेन्सच्या तळहातावर ठेवलं गेलं. ट्रोफिमुसने त्यात जमेल ते सगळं केलं होतं. केस वेगळे घातले होते, विजयाच्या माळेची पानं कानाच्या जरा जवळ ओढली होती, गळ्यावरची चौथी वळी यावेळी स्वच्छ उमटली होती. पुदेन्सने नाणं उजेडात धरलं.

"कान तोच आहे," तो म्हणाला.

भिंतीपलीकडे स्टाबिलिओ शेजारच्या घणवाल्याला अगदी हळू आवाजात सांगत होता. तो आवाज भिंत ओलांडून, पुदेन्सचं टेबल ओलांडून थेट देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेला. "तरी मी म्हटलं होतं. म्हाताऱ्याच्या हातून वहिनींचा कान सुटायचा नाही."

घण थांबले.

"कुणाच्या वहिनीचा?" पुदेन्सने विचारलं.

सगळ्यांनी ट्रोफिमुसकडे बघायचं टाळलं, आणि पुदेन्सला तेवढं पुरलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "हंसांना दाणा घालणारी? रोमच्या सम्राटाच्या डोक्याला, ह्या, ह्या इथे, हंसवालीचा कान?" तो खाली बसला, पुन्हा उठला. "खिडकीचं राहू दे आता. ह्याला काय म्हणतात ठाऊक आहे तुला? हे वर कळवावं लागेल मला. तुलाच नव्हे, सगळ्यांना जाब द्यावा लागेल."

"कारभारी," ट्रोफिमुस म्हणाला, "तिला ह्यातलं काही करायला लागलं नाही. ती नुसती बसली होती."

"थांब. पुराव्याशिवाय मी कुणावर ठपका ठेवत नाही." कोठारात असताना पोत्यात हात घातल्याशिवाय त्याने कधी धान्य उतरवून घेतलं नव्हतं, ते वळण त्याला इथेही होतं. "तिला अंगणात बोलवा. स्वच्छ उजेडात बघू."

एल्पिस दाण्याची टोपली कमरेवर घेऊन आली. डोक्यावरून कापड घेतलेलं, मागे पाचसहा हंस. घणवाले भिंतीशी ओळीने उभे राहिले. ट्रोफिमुस आपल्या खिडकीच्या बाहेरच्या अंगाला उभा होता. एकतीस वर्षांत ती खिडकी त्याने बाहेरून कधी बघितली नव्हती, आणि ती त्याला फार लहान वाटली. त्याने डोळे मिटून घेतले. उघडे असते तरी विशेष फरक पडला नसता.

"कानावरचं कापड काढ," पुदेन्स म्हणाला.

"कोणत्या कानावरचं, कारभारी?" एल्पिसने विचारलं.

पुदेन्सने तळहातावरच्या नाण्याकडे बघितलं. सम्राट उजवीकडे तोंड करून होते. पुदेन्सने स्वतः उजवीकडे तोंड केलं, आपल्या कानाला हात लावला आणि खात्री करून घेतली. "नाण्यावर उजवा दिसतोय. उजवा दाखव."

"उजवा तर उजवा," एल्पिस म्हणाली, आणि तिने उजव्या बाजूचं कापड मागे सारलं.

पुदेन्सने नाणं कानाजवळ नेलं. मग कानाला नाण्याजवळ यायला सांगितलं. एक हंस त्याच्या टोगाच्या काठाची चव बघू लागला, तिकडेही त्याचं लक्ष गेलं नाही.

"खाच नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही हो," एल्पिस म्हणाली.

"पाळी गुळगुळीत आहे. एकसंध आहे."

ट्रोफिमुसने डोळे उघडले. आधी त्याला वाटलं, जुनोदेवीने एका रात्रीत बायकोचा कान सांधून दिला. मग हळूहळू, उलट्या बाजूने येत येत, गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली. त्याने डावा कान बघितला होता. ठशात डावाच कोरला होता. चांदीने त्याचा उजवा करून टाकला होता. ज्याने आयुष्यात एकदा ठसा उचलला असेल त्याला हे कळलं असतं, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळलं होतंच. ठसा कधीच न उचललेला असा तिथे एकच माणूस होता. स्टाबिलिओला एवढ्यात खोकल्याची ढास लागली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाकीचे आभाळात काहीतरी शोधू लागले.

"दुसराही बघता का?" एल्पिसने विचारलं. तिचा हात डाव्या बाजूच्या कापडावर होता. ही बाई सबंध जन्म अशीच वागत आली होती.

"नको," पुदेन्स म्हणाला, जरा तुसडेपणाने. "नाण्यावर डावा कान नाहीच. त्याची तुलना मी कशाशी करू? कामाला काही पद्धत असते." त्याने नाणं मुठीत घेतलं. आता त्याचा राग गेला होता, पण काळजी तशीच होती. "तुझा नाही हे सिद्ध झालं. मग हा कान आहे कुणाचा?"

जुनोदेवीच्या अंगणात उभं राहून खोटं बोलायचं ट्रोफिमुसच्या जिवावर आलं. "मी खिडकीशी बसलो त्या वर्षापासून हाच कान आहे, कारभारी," तो म्हणाला. "चेहरे बदलले तसे बदलले. कान बदलायचं मला कधी कुणी सांगितलं नाही."

"सगळ्यांना हाच?"

"सगळ्यांना."

"बरंच आहे की," एल्पिस कापड नीट करत म्हणाली. "नाकं येतात नि जातात. लोकांचं ऐकायला एक कान तरी जागेवर नको का?"

पुदेन्सने तिच्याकडे बघितलं. मग नाण्याकडे. मग कमरेची मेणपाटी काढून तिच्यावर टोचणी टेकवली. "पुन्हा बोल. सावकाश."

तिने पुन्हा सांगितलं. पुदेन्सने लिहून घेतलं, 'लोकांचं' खोडून 'रोमन जनतेचं' केलं, आणि त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. पाठीवर देवी आहे, तिवई आहे, डॉल्फिन आहे, प्रत्येकाला अर्थ आहे. तोंडावरच्या कानालाही आता अर्थ मिळाला, आणि अर्थ असला की वर काय सांगायचं हा प्रश्न राहत नाही.

"आणि ही खाच? खाच कशाची?"

एल्पिसने टोपलीत हात घातला आणि जवळच्या हंसापुढे दाणे टाकले. "ती जुनोदेवीची खूण आहे," ती म्हणाली. आणि हे जवळजवळ खरं होतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा नियम लागला. यापुढे सम्राट कोणीही असोत, नाण्यावरील कान ठरलेल्या आकाराचाच, देवीच्या खुणेसह कोरला जाईल. त्यात फेरफार करणाऱ्यास शासन होईल. खाली पुदेन्सची सही. ट्रोफिमुसला नियम वाचता आला नाही. फार सरळ लिहिलेला होता, असं स्टाबिलिओ म्हणायचा. पण खिडकीतली आपली बसण्याची उशी त्याने झटकून पुन्हा मांडली.

कापुआचा भाचा द्राक्षांच्या तोडणीच्या सुमारास आला. नजर खरोखरच ससाण्यासारखी होती. त्याने चार दिवस तो कान कोरून बघितला, आणि खाच प्रत्येक वेळी इतकी रेखीव आली की मुद्दाम केल्यासारखी दिसायची. पाचव्या दिवशी पुदेन्सने त्याला आत डॉल्फिनवर बसवलं.

तिसरा सम्राट हिवाळ्यात गेला. त्या धुमश्चक्रीत टेकडीवर आग लागली, पलीकडच्या शिखरावरचं मोठं देऊळ जळालं, पण टांकसाळ राहिली आणि हंसही राहिले, फक्त काही दिवस काळे दिसत होते. चौथ्या सम्राटाचं प्लास्टरचं शीर आलं ते लष्करी शिस्तीत, कोंड्याने गच्च भरलेल्या पेटीतून. रुंद कपाळ, जाड बसकं नाक, आणि दोन्ही कान शाबूत. टांकसाळीत असं कधी घडलं नव्हतं. घणवाले काम टाकून बघायला आले. कान मोठे होते, पाळ्या लोंबत्या.

पुदेन्सने शीर टेबलावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. भिंतीवरचा नियम एकदा वाचला. मग स्टाबिलिओला बोलावलं आणि त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "लहान हातोडी घे. आणि जपून. फक्त कान."

दुपारी ट्रोफिमुस ठसा घेऊन घरी गेला. आता बघून कोरायची काही गरज नव्हती, पण वर्षाच्या पहिल्या उन्हात एल्पिस दारात लोकर घेऊन बसली होती, आणि त्याला येताना पाहून तिने डाव्या बाजूचं कापड मागे सारलं होतं.

"आला का नवा?" ती म्हणाली. "नाव काय ह्याचं?"

"बसकं आहे," ट्रोफिमुस म्हणाला, आणि तिच्यासमोर बसला.